गेम काल चालत होता, आज 'प्ले' दाबून काहीच होत नाही: लिनक्सवरचं हे दुखणं पुन्हा पुन्हा का उलटतं

'प्ले' दाबायचं. बटण क्षणभर 'रनिंग' दाखवतं, पंख्याचा आवाज चढतो आणि काही सेकंदांत बटण पुन्हा हिरवं होतं. खिडकी उघडत नाही, कसला संदेशही येत नाही. काल रात्री हाच गेम मख्खन चालत होता, मध्ये फक्त एक अपडेट झालं. मग इंटरनेटवर शोधायचं, कुणीतरी दिलेली एक ओळ टर्मिनलमध्ये चिकटवायची, गेम सुरू होतो, महिनाभर बरं जातं आणि पुन्हा येरे माझ्या मागल्या.

गेम एकदा सुरू करून देणं सोपं असतं. तो पुन्हा बंद पडू नये यासाठी काय करायचं, त्यावर हे लिहितोय. उबुंटू, मिंट किंवा फेडोरा यांपैकी एखादी डिस्ट्रो (म्हणजे लिनक्सचा तयार अवतार), त्यावर स्टीम हे गेमचं दुकान आणि विंडोजसाठी बनलेला गेम प्रोटॉनमधून, म्हणजे तो लिनक्सवर चालवून देणाऱ्या सॉफ्टवेअरमधून, असा संच धरून चाललोय. आर्च ही डिस्ट्रो वापरणाऱ्यांना यातलं बरंचसं पाठ असणार, त्यांनी हवं तेवढंच वाचलं तरी चालेल.

विंडोजचा गेम लिनक्सवर चालतो तेव्हा त्यात किती जणांचे हात असतात ते एकदा बघा. वर गेमची कंपनी, जिने गेम फक्त विंडोजवर तपासलेला. तिच्याखाली प्रोटॉन, स्टीमची मालक कंपनी व्हॉल्व्हचं. ते २०१८ च्या ऑगस्टमध्ये आलं. त्याच्या पोटात विंडोजचे प्रोग्राम लिनक्सवर चालवणारा, १९९३ पासून चालत आलेला वाईन प्रकल्प आहे, शिवाय डायरेक्टएक्स ही विंडोजची ग्राफिक्सची भाषा वल्कन या लिनक्सवर चालणाऱ्या भाषेत बदलून देणारे डीएक्सव्हीके आणि व्हीकेडी३डी-प्रोटॉन. त्याखाली ग्राफिक्स ड्रायव्हर: एएमडी किंवा इंटेल असेल तर मेसा, नाहीतर एनव्हिडियाचा स्वतःचा. सगळ्यांत तळाला कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, आणि तुमची डिस्ट्रो. प्रत्येकाचं अपडेटचं वेळापत्रक वेगळं. गेम बंद पडला की गेमवाले म्हणतात, आम्ही लिनक्सला सपोर्ट देत नाही. डिस्ट्रोवाले म्हणतात, गेमचा कोड बंद आहे, आम्ही आत काय बघणार? ड्रायव्हरवाले प्रोटॉनकडे बोट दाखवतात. यातलं कुणीही खोटं बोलत नसतं, पण तुमचं घोंगडं भिजत पडतं ते पडतंच.

तुमच्या मशीनवर जमलेला नेमका संच, म्हणजे अमुक कर्नल, तमुक ड्रायव्हर, अशी डिस्क आणि असं पॅकेज, हा कुणीही अपडेट सोडण्याआधी चालवून बघितलेला नसतो. म्हणून दुरुस्ती करताना मी एकच पथ्य पाळतो. प्रत्येक पायरीला, ज्याची जबाबदारी कुणीतरी अधिकृतपणे घेतली आहे अशा संचाकडे सरकायचं. उपाय निवडताना 'याने गेम चालेल का' एवढंच विचारू नका, 'उद्या हे बिघडलं तर मी कुणाला विचारणार' हेही विचारा.

आधी घोडं कुठे पेंड खातंय ते बघा

'वल्कन-टूल्स' नावाचं पॅकेज टाका, तिन्ही डिस्ट्रोंत ते याच नावाने मिळतं. त्यात व्हीकेक्यूब नावाचा इवलासा प्रोग्राम असतो. तो टर्मिनलमधून चालवा. छोट्या खिडकीत एक ठोकळा फिरायला लागेल आणि टर्मिनलमध्ये कुठलं ग्राफिक्स कार्ड निवडलं ते छापून येईल. तिथे तुमच्या कार्डाचं नाव असेल आणि ठोकळा सुरळीत फिरत असेल, तर ड्रायव्हर आणि कर्नल निर्दोष समजा. कार्डाच्या जागी 'एलएलव्हीएमपाइप' दिसलं तर चित्र प्रोसेसर काढतोय, कार्ड झोपलंय. खिडकीच उघडली नाही तर गेमच्या, प्रोटॉनच्या वाटेला जाऊच नका, दोष ड्रायव्हरचा आहे.

ठोकळा फिरला तर पुढची चाचणी: दुसरा एखादा विंडोज गेम, फुकटचा डेमोसुद्धा चालेल, प्रोटॉनमधून लावून बघा. तो चालला तर दोष त्या एका गेमपुरता. तोही नाही चालला तर प्रोटॉन, स्टीमचं पॅकेज किंवा डिस्क यांपैकी काहीतरी. या दोन चाचण्यांना दहा मिनिटंही लागत नाहीत, पण फार थोडे लोक त्या करतात. बहुतेक जण सरळ प्रोटॉनची आवृत्ती बदलत बसतात.

ड्रायव्हर

एनव्हिडिया असेल तर टर्मिनलमध्ये 'एनव्हिडिया-एसएमआय' चालवा. 'ड्रायव्हर/लायब्ररी व्हर्जन मिसमॅच' असं उत्तर आलं तर घाबरू नका. अपडेटने डिस्कवर नवी लायब्ररी ठेवली, पण मेमरीत ड्रायव्हरचं जुनंच मॉड्यूल (कर्नलमध्ये बसणारा भाग) बसलंय, त्यामुळे दोघांचं पटत नाही. मशीन रीस्टार्ट केलं की मिटलं. आपल्याकडे लॅपटॉप बंद करायची पद्धतच राहिलेली नाही. झाकण मिटलं की झालं. त्यामुळे रात्री आपोआप झालेल्या अपडेटचं दुखणं तीन दिवसांनी वर येतं आणि दोघांचा संबंध कुणाच्या लक्षात येत नाही.

रीस्टार्टनेही जमलं नाही, तर सिक्युअर बूट बघा. ते चालू असेल तर कर्नल सही नसलेलं मॉड्यूल आत घेत नाही. ड्रायव्हर टाकताना उबुंटू एक पासवर्ड ठरवायला सांगतं आणि पुढच्या बूटला निळा पडदा येतो: 'परफॉर्म एमओके मॅनेजमेंट'. तो फक्त दहा सेकंद थांबतो. तेवढ्यात तुम्ही चहा आणायला गेलात, किंवा घाबरून 'कंटिन्यू बूट' दाबलंत, तर ड्रायव्हरवरची सही ओळखणारी किल्ली नोंदवली जात नाही आणि ड्रायव्हर डिस्कवर असून नसल्यासारखा होतो. तिथे 'एनरोल एमओके' निवडून तोच पासवर्ड द्यायचा असतो. पडदा हुकला असेल तर ड्रायव्हर पुन्हा इन्स्टॉल करून ही पायरी परत आणता येते. सिक्युअर बूटच बंद करून टाकणं हा सोपा मार्ग सगळे सांगतात. पण विंडोजही त्याच मशीनवर असेल आणि तिथे व्हॅलोरंट खेळत असाल, तर विंडोज ११ वर त्या गेमला सिक्युअर बूट चालू लागतं. मग दर वेळी बायोसमध्ये ये-जा करत बसाल.

जुनं कार्ड असेल तर मामला वेगळा. डीएक्सव्हीकेच्या २.० या आवृत्तीपासून, म्हणजे २०२२ च्या नोव्हेंबरपासून, वल्कन १.३ लागतं. जीफोर्स ६०० आणि ७०० मालिकेतली केप्लर कार्डं ४७० क्रमांकाच्या ड्रायव्हरवर थांबली आणि तिथे वल्कन १.२ च आहे. त्यामुळे प्रोटॉन ८ पासून पुढे त्या कार्डांवर बहुसंख्य गेम उघडणार नाहीत. गेमच्या 'प्रॉपर्टीज'मध्ये 'कम्पॅटिबिलिटी'त जाऊन प्रोटॉन ७ सक्तीने लावा, तोच सोपा मार्ग आहे. पुढची पाळी मॅक्सवेल आणि पास्कल या त्यानंतरच्या पिढ्यांची: ७५० टीआय, ९६०, १०५० टीआय, १०६०. एनव्हिडियाने ५८० ही त्यांच्यासाठी शेवटची ड्रायव्हरमालिका असल्याचं जाहीर केलं आहे. लॅमिंग्टन रोडवरून सेकंडहँड १०५० टीआय घेऊन आलेले बरेच जण आहेत. त्यांनी 'सगळ्यांत नवा ड्रायव्हर' हा सल्ला ऐकू नये, ५८० वरच राहावं. एएमडीवाल्यांना सहसा यातलं काही करावं लागत नाही, आणि ते ही गोष्ट सांगायची संधी कधी सोडतही नाहीत.

विंडोजसोबत वाटून घेतलेली डिस्क

कॉलेजच्या मुलांच्या लॅपटॉपवर हेच सगळ्यांत जास्त आढळतं. ५१२ जीबीची एसएसडी, अर्धी विंडोजला, थोडी लिनक्सला आणि गेम मात्र 'डी' ड्राइव्हवर एकदाच उतरवलेले, कारण ऐंशी जीबीचा गेम दोनदा उतरवायला हॉस्टेलचं वायफाय पुरत नाही. स्टीमला तीच लायब्ररी दाखवली जाते. गेम दिसतात, चालतातही. पण कधी चालतात, कधी नाही. स्टीम 'डिस्क राईट एरर' म्हणतं किंवा गुपचूप परत 'प्ले'वर येतं.

'कधी कधी' होण्यामागे ठरलेलं कारण आहे. विंडोजमध्ये 'फास्ट स्टार्टअप' चालू असेल तर 'शट डाउन' म्हणजे पूर्ण बंद नसतं. कर्नलची अवस्था डिस्कवर लिहून विंडोज अर्धवट झोपी जातं आणि तिचे ड्राइव्ह वापरात असल्यासारखे राहतात. लिनक्स मग तो ड्राइव्ह फक्त वाचण्यापुरता जोडतं, किंवा जोडतच नाही. 'रीस्टार्ट' केलं तर मात्र विंडोज खरोखर बंद होतं. म्हणजे विंडोजमधून 'रीस्टार्ट' करून लिनक्सला आलात तर गेम चालतो आणि 'शट डाउन' करून आलात तर नाही. हे माहीत नसलं की माणूस दिवसेंदिवस प्रोटॉन बदलत राहतो आणि ज्या दिवशी योगायोगाने रीस्टार्ट केलं, त्या दिवशीच्या उपायाला श्रेय देतो. मग तोच उपाय पुढे दहा जणांना सांगितला जातो.

तेव्हा विंडोजच्या कंट्रोल पॅनेलमध्ये पॉवर ऑप्शन्समध्ये जा, पॉवर बटणांबद्दलचा पर्याय उघडा आणि 'फास्ट स्टार्टअप'ची खूण काढा. विंडोजचं मोठं अपडेट झालं की ती खूण पुन्हा आलीय का तेही बघा.

पण तेवढ्याने पूर्ण भागत नाही. प्रोटॉन प्रत्येक गेमसाठी एक छोटं खोटं विंडोज तयार करतं आणि त्यात 'सी:' आणि 'झेड:' अशा, विसर्गासारखं चिन्ह असलेल्या, नावांच्या लिंक टाकतं. विंडोजच्या नियमांत ते चिन्ह फाइलच्या नावात चालत नाही. त्यामुळे एनटीएफएस, म्हणजे विंडोजच्या पद्धतीच्या, ड्राइव्हवर कधी ते खोटं विंडोज तयारच होत नाही, तर कधी विंडोजला तो ड्राइव्ह खराब वाटतो आणि तिची डिस्कतपासणी त्या लिंक 'दुरुस्त' करून टाकते. व्हॉल्व्हचा सल्ला एनटीएफएस टाळण्याचाच आहे. लिनक्सवर खेळायचे गेम ईएक्सटी४, म्हणजे लिनक्सच्या पद्धतीच्या, विभागावरच ठेवा. जागाच नसेल तर निदान 'कॉम्पॅटडेटा' हा, ती खोटी विंडोज ज्यात असतात तो, फोल्डर लिनक्सच्या होम फोल्डरमध्ये हलवून त्याची लिंक त्या ड्राइव्हवर ठेवा. हा तोडगा आहे, पक्का उपाय नव्हे.

जाता जाता एक खास आपल्यासाठी. ड्राइव्हला किंवा फोल्डरला 'खेळ' असं देवनागरी नाव दिलं असेल तर ते बदला. युनिकोडच्या आधीच्या पद्धतीने लिहिलेले जुने विंडोज गेम फाइलचा पत्ता जुन्या कोडपेजमधून वाचतात, आणि देवनागरीसाठी विंडोजमध्ये तसं कोडपेज कधी नव्हतंच. अशा गेमला तो पत्ता प्रश्नचिन्हांची रांग दिसते. मराठीचा अभिमान डेस्कटॉपच्या भाषेत ठेवा, गेमच्या पत्त्यात नको.

स्टीम कुणाकडून घेतलंय?

उबुंटूच्या ॲप सेंटरमध्ये 'स्टीम' शोधून 'इन्स्टॉल' दाबलं की येतो तो स्नॅप, म्हणजे उबुंटूच्या नव्या पद्धतीचं पॅकेज. तो उबुंटूची कंपनी कॅनॉनिकलने बांधलेला आहे, व्हॉल्व्हने नाही. त्याच्या तक्रारी मात्र व्हॉल्व्हकडे जायला लागल्या, तेव्हा २०२४ च्या जानेवारीत व्हॉल्व्हच्या एका अभियंत्याने जाहीरपणे सांगितलं की स्नॅपऐवजी अधिकृत डेब (उबुंटूच्या जुन्या, मूळ पद्धतीचं) पॅकेज वापरा. टर्मिनलमध्ये 'स्नॅप लिस्ट' चालवा. त्यात स्टीम दिसलं तर तुम्ही त्याच गटात आहात. सेव्ह केलेल्या गेमची नक्कल बाजूला ठेवा, स्नॅप काढा, स्टीमच्या स्वतःच्या संकेतस्थळावरून डेब फाइल उतरवा आणि ती टाका.

फ्लॅटपॅक, म्हणजे कुठल्याही डिस्ट्रोवर चालणारं पॅकेज, तेही व्हॉल्व्हचं नाही. चांगलं चालतं, पण एनव्हिडिया असेल तर त्याच्या आतला ड्रायव्हर बाहेरच्या ड्रायव्हरशी अंकाअंकाने जुळावा लागतो. सिस्टिम अपडेट झालं आणि फ्लॅटपॅक अपडेट करायचं राहिलं की गेम बंद. मिंटच्या सॉफ्टवेअर मॅनेजरमध्ये फ्लॅटपॅक आणि डेब दोन्ही दिसतात, तिथे 'सिस्टिम पॅकेज' निवडा. फेडोरावाल्यांना आरपीएम फ्यूजन या बाहेरच्या पॅकेज-भांडाराशिवाय गत्यंतर नाही, कारण व्हॉल्व्ह स्वतः फक्त डेब देतं. पण ते पॅकेज नीट सांभाळलं जातं आणि तिथे काही बिघडलं तर विचारायला दार ठरलेलं आहे.

एकच गेम अडत असेल तर

स्टीममध्ये गेमवर राईट क्लिक करून 'मॅनेज' आणि मग 'ब्राउज लोकल फाइल्स' घ्या. उघडलेल्या फोल्डरच्या दोन पायऱ्या वर 'स्टीमॲप्स' आणि त्यात 'कॉम्पॅटडेटा'. आत नुसते आकडे दिसतील. प्रत्येक आकडा म्हणजे एक गेम. गेमच्या दुकानातल्या पानाच्या पत्त्यात तोच आकडा असतो: जीटीए ५ चा २७१५९०, विचर ३ चा २९२०३०. आपल्या गेमचा फोल्डर पुसू नका, त्याच्या नावापुढे 'जुना' असं काहीतरी जोडा. 'प्ले' दाबलं की प्रोटॉन नवा बनवेल. गेम चालला तर जुन्या फोल्डरमधल्या 'स्टीमयूजर'च्या खालून सेव्ह काढून नव्यात ठेवा. क्लाउड सेव्ह नसलेल्या गेमचे सेव्ह बहुतेक वेळा याच फोल्डरमध्ये असतात. ही गोष्ट बऱ्याच जणांना तो पुसल्यावर कळते.

प्रोटॉनची आवृत्ती निवडताना व्हॉल्व्हच्या क्रमांकित स्थिर आवृत्तीपासून सुरुवात करा. मग 'एक्सपेरिमेंटल', आणि अगदी शेवटी जीई-प्रोटॉन. जीई काही गेमना खरंच लागतं, विशेषतः मधली दृश्यं काळी दिसत असतील तर. पण ते बाहेरच्या हौशी माणसांचं काम आहे. त्यावर गेम बिघडला तर तक्रार व्हॉल्व्हकडे नेण्यात अर्थ नाही.

गेम मोठा असेल आणि तुम्ही उबुंटू २२.०४ किंवा मिंट २१ वर असाल तर आणखी एक आकडा तपासा. कर्नलमध्ये 'व्हीएम डॉट मॅक्स मॅप काउंट' ही एक मर्यादा असते, जुनं मूल्य ६५५३०. मेमरीचे खूप तुकडे मागणारे गेम तिथे आपटून कोसळतात. फेडोरा ३९ आणि उबुंटू २४.०४ मध्ये ती १०४८५७६ करून ठेवली. डिस्ट्रोने स्वतः बदल केला की कोट्यवधी मशीनांचा प्रश्न सुटतो, नाहीतर प्रत्येकाने टर्मिनलमध्ये तीच ओळ चिकटवत बसायचं.

इथे तुमच्या हातात काही नाही

व्हॅलोरंट, फोर्टनाइट, डेस्टिनी २ हे लिनक्सवर चालत नाहीत, आणि कारण निव्वळ तांत्रिक नाही. अँटी-चीट, म्हणजे फसवून खेळणाऱ्यांना पकडणारा प्रोग्राम, काय करू देतो ते कंपनी ठरवते. ईझी अँटी-चीट आणि बॅटलआय या दोघांनीही २०२१ मध्ये प्रोटॉनचा मार्ग खुला केला, पण कळ प्रत्येक गेमच्या कंपनीच्या हातात ठेवली. काहींनी ती दाबली, काहींनी नाही, आणि काहींनी दाबून परत सोडली. एपेक्स लेजंड्स २०२२ पासून स्टीम डेकवर (व्हॉल्व्हचं हातात धरायचं गेमयंत्र) आणि लिनक्सवर चालत होता. २०२४ च्या ऑक्टोबरअखेर कंपनीने चीटिंगचं कारण देऊन लिनक्सचा दरवाजा बंद केला. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये जीटीए ऑनलाइनला बॅटलआय आलं आणि तो लिनक्सवर बंद पडला, तर लीग ऑफ लेजंड्स व्हॅनगार्ड या अँटी-चीटमुळे गेला. रॉकेट लीगची तर लिनक्ससाठी खास बांधलेली आवृत्ती होती. २०२० मध्ये ती आणि मॅकची, दोन्हींचा सपोर्ट काढून घेतला. पण तिथे आधी अधिकृत सपोर्ट होता, म्हणून लोकांना पैसे परत मागायला तोंड होतं. एपेक्सवाल्यांना तेवढंही मिळालं नाही. त्यांच्या गेमच्या पानावर लिनक्स कधी लिहिलेलंच नव्हतं.

अँटी-चीट चुकवणाऱ्या युक्त्या सांगणारे व्हिडिओ मिळतील. त्यांच्या नादी लागू नका, अकाउंट कायमचं बंद होतं. काउंटर-स्ट्राइक २ आणि डोटा २ लिनक्ससाठीच बांधलेले आहेत, स्पर्धात्मक खेळायचं असेल तर तिकडे वळा.

२०२२ च्या ऑगस्टमधला एक प्रसंग मात्र सविस्तर सांगण्यासारखा आहे. जी-लिबसी ही लिनक्सवरच्या जवळपास प्रत्येक प्रोग्रामच्या पायाशी असलेली लायब्ररी. लायब्ररीतलं कुठलं फंक्शन कुठे आहे हे सांगणाऱ्या दोन सूच्या त्यात असायच्या: एक जुनी आणि एक २००६ च्या सुमारास आलेली, जास्त वेगवान. २.३६ आवृत्तीत जी-लिबसीने आपल्या फाइलींतून जुनी सूची काढून टाकली. सोळा वर्षं नवी सूची असताना जुनी कोण वाचणार, हा विचार चुकीचा म्हणता येणार नाही. पण ईझी अँटी-चीट नेमकी जुनीच वाचत होतं. आर्चवर अपडेट केलेल्या लोकांचे गेम एका दिवसात बंद पडले. मग वाद. लायब्ररीवाले म्हणाले, दहा-पंधरा वर्षांपूर्वीच बदलायला हवं होतं. खेळणारे म्हणाले, आमच्याकडे त्या बंद प्रोग्रामचा कोड कुठे आहे? शेवटी आर्चने जुनी सूची परत घालून आपलं पॅकेज दुरुस्त केलं आणि गेम चालू झाले. नवी जी-लिबसी आणि हे अँटी-चीट एकत्र चालवून बघणं हे कुणाच्याच कामात नव्हतं, म्हणून चाचणी खेळणाऱ्यांच्या मशीनवर झाली.

याच्या उलट गोष्ट २०१९ ची. उबुंटूने जूनमध्ये जाहीर केलं की १९.१० या आवृत्तीपासून जुन्या ३२ बिट पद्धतीची पॅकेजेस बंद. जुने गेम, वाईन आणि खुद्द स्टीम यांचं काय होणार ते उघड होतं. व्हॉल्व्हने सांगितलं, मग १९.१० ला आमचा अधिकृत सपोर्ट नसेल. आठवड्याच्या आत उबुंटू मागे सरलं आणि लागणारी ३२ बिट पॅकेजेस ठेवायचं ठरलं. हजारो वापरकर्ते चिडले होतेच, पण पारडं फिरलं ते 'अधिकृत सपोर्ट' या दोन शब्दांनी.

कुणाकडे आणि कसं मागायचं

गेम विकत घेण्याआधी त्याच्या पानावर खाली सिस्टिमच्या अटी बघा. तिथे विंडोजशेजारी स्टीमओएस आणि लिनक्सचा रकाना असेल तरच कंपनी तुम्हाला बांधील आहे. नसेल तर तिच्याकडे टिकीट टाकून 'आम्ही फक्त विंडोजला सपोर्ट देतो' हेच उत्तर येणार, आणि ते रास्त आहे. 'स्टीम डेक व्हेरिफाइड'ची हिरवी खूण म्हणजे व्हॉल्व्हने त्यांच्या यंत्रावर तपासलंय, तुमच्या एनव्हिडिया लॅपटॉपवर नव्हे. शिवाय डेक भारतात व्हॉल्व्हने अधिकृतपणे आणलेला नाही. बाहेरून मागवलेल्या यंत्राची वॉरंटी कुठे निस्तरायची ते घेण्याआधीच विचारून ठेवा.

हार्डवेअरच्या बाबतीत तर चित्र आणखी मजेशीर आहे. एका सेवा केंद्रात पंखा बिघडलेला लॅपटॉप दिला तर काउंटरवरून विचारणा झाली, "दादा, आधी विंडोज टाकून आणता का?" पंख्याला कुठलं विंडोज लागतं, देव जाणे.

सपोर्टला लिहिताना 'गेम चालत नाही' एवढंच लिहाल तर तीन दिवसांनी 'फाइल्स व्हेरिफाय करा' असं ठोकळेबाज उत्तर येईल. स्टीमच्या 'हेल्प' मेनूत 'सिस्टिम इन्फर्मेशन' आहे. त्यातलं सगळं जसंच्या तसं चिकटवा. कुठल्या प्रोटॉनवर, कुठल्या तारखेपर्यंत चालत होतं, मध्ये कुठलं अपडेट झालं ते लिहा. आणि लॉग, म्हणजे गेम चालताना काय घडलं त्याची नोंद, जोडा. गेमच्या 'लाँच ऑप्शन्स'मध्ये इंग्रजीतून टाइप करा: मोठ्या अक्षरांत प्रोटॉन, अंडरस्कोर, लॉग, मग बरोबरचं चिन्ह आणि एक. त्यानंतर एक जागा सोडून लहान अक्षरांत कमांड हा शब्द, दोन्ही बाजूंना टक्क्याचं चिन्ह लावून. गेम एकदा चालवा, पडू द्या. होम फोल्डरमध्ये 'स्टीम', आडवी रेघ आणि गेमचा आकडा अशा नावाची लॉग फाइल तयार होईल. ती हजारो ओळींची असते, घाबरू नका. त्यात 'सी, चार शून्यं, १३५' हा क्रमांक शोधा. सापडला तर गेमला लागणारी एखादी डीएलएल फाइल मिळालेली नाही आणि तिचं नाव जवळच्याच ओळीत असतं. बऱ्याचदा फाइल्स व्हेरिफाय करून तेवढंच दुरुस्त होतं. लॉग काढून झाला की ती ओळ लाँच ऑप्शन्समधून काढा, नाहीतर फाइल फुगत राहते.

फक्त प्रोटॉनवरच अडतंय अशी खात्री झाली तर तक्रार व्हॉल्व्हच्या प्रोटॉन प्रकल्पाच्या नोंदवहीत करायची. तिथे बहुतेक गेमच्या नावाने आधीच एक नोंद उघडलेली असते. नवी उघडू नका, त्यातच आपला लॉग जोडा. ड्रायव्हरचा दोष असेल तर एएमडी-इंटेलसाठी मेसाची नोंदवही, एनव्हिडियासाठी त्यांचं स्वतःचं लिनक्स दालन. पॅकेजचा असेल तर डिस्ट्रोकडे.

आणि गेम नवाच घेतला असेल तर हे सगळं करण्याआधी घड्याळाकडे बघा. स्टीम पैसे परत देतं ते खरेदीपासून १४ दिवसांच्या आत आणि खेळण्याचा वेळ २ तासांच्या आत असेल तरच. गेमचा लाँचर उघडा ठेवून तुम्ही सेटिंग्ज शोधत बसलात तर तो वेळही खेळण्यातच धरला जातो. तासभर झटून गेम हलला नाही तर तो बंद करा, 'हेल्प'मधून रिफंड मागा, कारणात 'लिनक्सवर सुरू होत नाही' असं स्पष्ट लिहा. पुढच्या प्रोटॉनमध्ये तो चालायला लागला तर सेलमध्ये परत घेता येईलच.